बिनवजनाची मोहरी

काळेवाडी
गुरुवार, ११ फेब्रुवारी १९८२

नीलिमाबाई, मुक्काम मॉस्को, यांना काळेवाडीच्या एका अर्धवट शिकलेल्या माणसाचा लांबून दंडवत.

पत्र पोचलं. पाकिटावरचं तिकीट आमच्या घरमालकीण गिरजाबाईंनी काढून घेतलं. त्यावर यान आहे, आणि ते त्यांना देव्हाऱ्यात चिकटवायचं आहे. आतलं पत्र माझ्या वाट्याला आलं. चार पानं, त्यातली साडेतीन कांद्यावर.

दीड वर्ष झालं तुला जाऊन. दीड वर्षानंतर बाईमाणूस पत्र लिहितं तेव्हा त्यात काय असावं याबद्दल माझ्या काही कल्पना होत्या. कांदा त्यात नव्हता.

तर दोन बाप्ये पृथ्वीभोवती महिनोन्‌महिने गरगर फिरतात. ट्रेमध्ये कांदा लावतात. पात फुटली की खाली जमिनीवर आनंदीआनंद. मग शास्त्रज्ञ विचारतात, पात किती वाढली? तर म्हणे, जेवताना खाऊन टाकली! आणि हे तू मला कौतुकाने लिहितेस. अगं, चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाला टेकून माणसं भाकरी खातात, हात मागे करून एक कांदा ओढतात, बुक्कीने फोडतात. त्यांच्यावर कोणी गुळगुळीत कागदाची मासिकं काढत नाही.

त्यांची दिनचर्याही कळवलीस. भिंतीला पिशवी बांधून त्यात झोपतात. अंघोळ महिन्यातून एकदा, आणि तिला अख्खा दिवस लागतो. श्वासातली नि घामातली वाफ धरून तिचंच पाणी पितात. धावायचं तर कमरेला रबरी पट्टे लावून जागच्या जागी. फार हाल, असं लिहिलंयस. माझी खोली तू पाहिलेली नाहीस. आम्ही सहा जण आहोत नि खाटा तीन. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा पडतो, त्यामुळे खाट कधी गार होत नाही. माझ्या खाटेचा भागीदार ज्ञानदेव, परभणीचा, फाउंड्रीत असतो. त्याच्या घामाची वाफ मी गेलं वर्षभर धरतोच आहे. फरक एवढाच, की आमच्याकडे वर आणि खाली आहे. खाली आम्ही.

मग शेवटच्या अर्ध्या पानात, कांद्याखाली झाकून, तू खरी गोष्ट लिहिलीस. तुझ्या संशोधनाच्या गाइडबाई तुला आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहेत. त्या अंतराळ स्थानकातल्या झाडांवरच काम. वर्षअखेरपर्यंत हो की नाही कळवायचंय. आणि त्याच्याच खाली: ‘तू कॉलेजचं काय ठरवलंस? रागाच्या भरात सोडलंस, ते सोडलंसच का?’

राग नव्हता तो. पुन्हा एकदा सांगतो. तू गेलीस त्याच वर्षीचा डिसेंबर. बी. एस्सी.चं शेवटचं वर्ष, वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल. प्रयोग: क्लिनोस्टॅट. कुंडी आडवी धरून सावकाश फिरवत ठेवणारं यंत्र. रोपाला खाली कुठे नि वर कुठे हेच कळू नये, मग ते वाकायचं सोडून आडवंच सरळ वाढतं. तुझे रशियन ज्यासाठी रॉकेट उडवतात ते आपल्या कॉलेजात एक पितळी घड्याळ करत असे. म्हणजे केलं असतं, पण त्याची स्प्रिंग तू नि मी जन्मण्याआधी तुटलेली. तरी सगळ्यांच्या जर्नलमध्ये आकृती तयार! ‘निरीक्षण: रोप सरळ वाढले.’ तूही माझ्या आदल्या वर्षी काढलीसच, त्याच्या आदल्या वर्षीच्या जर्नलवरून. मी गद्रे सरांना विचारलं, “सर, यंत्र बंद आहे, तर रोप सरळ वाढताना पाहिलं कोणी?” सर म्हणाले, “तुम्ही जर्नल पुरं करा. शंका काढायला परीक्षक आहेत.” वर्ग हसला. मी जर्नल खिडकीबाहेर टाकलं. खाली प्राचार्यांची सायकल होती, हा योगायोग.

आता ऐक. तूच लिहिलंयस की आजवर वर लावलेलं एकही रोप बी धरेपर्यंत जगलेलं नाही. कळीच्या सुमाराला मरतात. मी सांगतो, पुढेही मरणार. ज्याला पाय कुठे टेकायचा ते माहीत नाही, त्याला फळ कसलं धरतंय? लाव पैज. यंदा वर्षअखेरपर्यंत तुझ्या त्या आभाळातल्या पेटीत एका जरी रोपाने फुलून बी धरलं, तर मी गद्र्यांसमोर उभा राहून पुन्हा नाव घालीन. नाही धरलं, तर तुझी तीन वर्षं रद्द. पुढच्या विमानाने चिंचवड.

बघ. हिंमत असेल तर.

सुरेंद्र
(तुझ्या एक वर्ष मागे होता तो)


काळेवाडी
गुरुवार, २५ मार्च १९८२

नीलिमा,

पैज मान्य केलीस. शाब्बास. तीन ओळींचं पत्र, त्यातली एक ओळ प्रश्नाची. ‘मी परत यावं असं तुला वाटतं, का मी हरावं असं? या दोन गोष्टी एक नव्हेत.’

ऐच्छिक प्रश्न आहे. सोडून देतो.

त्यापेक्षा हे वाच. यंत्र मी बनवलं. तुमच्या त्या पितळी घड्याळाला लाजवेल असं. मी जिथे काम करतो त्या शेडमध्ये आम्ही गिअरचे खोके बनवतो, वेग उतरवायचे. एका गिऱ्हाइकाने परत पाठवलेला एक खोका कोपऱ्यात पडून होता. आवाज करतो म्हणून परत. त्याला एक टाकाऊ मोटर जोडली, पुढे अजून दोन दातेरी चाकं दिली, आणि टोकाला वनस्पती तुपाचा छोटा डबा आडवा बसवला. पाऊण तासाला तीन फेरे. डोळ्यांना फिरताना दिसत नाही. जरा वेळाने पाहिलं की डब्यावरचं चित्र डोक्यावर उभं असतं.

आमचे शेठ, रंगराव, स्वतः शेतकरी होते, जमीन कंपन्यांत गेली तेव्हा शेड टाकली. ते आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

“काय हाय हे?”

“शेठ, झाडाला वजन कळू नये म्हणून.”

“झाडानं कुनाचं काय घ्येतलंय?”

“शास्त्र आहे.”

“आरं, आमी जल्मभर झाडं सरळ उबी ऱ्हावी म्हनून काठ्या लावल्या,” म्हणाले, “आन तू आडवी करून फिरवतुईस. मोटर जळली तर पगारातनं कापीन.” आणि गेले. पण मागच्या आडोशाची जागा दिली. तिथे खिडकी नाही. मी एक बल्ब लावलाय, दिवसरात्र तेवढाच उजेड.

डब्यात मोहरी पेरली आहे. गिरजाबाईंच्या फोडणीच्या डब्यातली. त्यांना खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “व्हय रं, ती तुजी मास्तरांची पोरगी आभाळात कांदं लावती, आन तू कंपनीत मव्हरी? लगीन झालं म्हंजे दोगं मिळून भाजीच टाका.” मी तुझी म्हणून कोणाचंही नाव कधी घेतलेलं नाही. तिकिटावरून त्या काय समजायचं ते समजतात.

ज्ञानदेव पाहायला आला होता. पाच मिनिटं उभा राहिला. “भावा,” म्हणाला, “जत्रंत मानसं बसवून पाळना फिरवला तर चार आने तरी पडतात. मोहरीकडं काय मागायचं?”

तर असा इथला शास्त्रीय समाज आहे. तुझ्यासारखी पांढरा कोट घालून बोलणारी माणसं मिळत नाहीत. पण माझं यंत्र चालतं, आणि जे दिसेल ते मी काढीन, कोणाच्या जर्नलवरून नाही.

सुरेंद्र


काळेवाडी
गुरुवार, ६ मे १९८२

नीलिमा,

सोबत आकृती जोडली आहे. नीट बघ, आणि तुझ्या गाइडबाईंनाही दाखव. रशियन भाषेत ‘हरलो’ला काय म्हणतात ते मला माहीत नाही, पण त्यांना माहीत असेल.

मोहरी आडव्या डब्यात उगवली, फिरत राहिली, आणि सरळ वाढली नाही. एवढंच नाही. कशीही वाढली! देठ थोडा सरळ जातो, मग मोडल्यासारखा वळतो, पुन्हा थोडा सरळ, पुन्हा भलतीकडे वळतो. एखाद्या दारुड्याने बांधलेल्या जिन्यासारखा. चार रोपं आहेत, चारही एकाच जागी वाकलेली. गंमत म्हणजे नवा वाक मला बहुतेक शुक्रवारी सकाळी दिसतो. वेडालाही वार असतो हे तुमच्या पुस्तकांत नसणार.

अनुमान: वजन काढून घेतलं की झाड वेडं होतं. कोणावर विसंबायचं ते त्याला कळत नाही, ते चारी दिशांना डोकं आपटून घेतं, नि शेवटी मरतं. बी तर राहूच दे. हे मी तुझ्या रशियनांच्या आधी, आवाज करणाऱ्या गिअरच्या खोक्यावर सिद्ध केलेलं आहे.

तुमचं नवीन सात नंबरचं स्थानक गेल्या महिन्यात उडालं म्हणे. इथल्या पेपरात दोन ओळी, तीळतेलाच्या जाहिरातीखाली. त्यात आता मोठी रोपवाटिका आहे, असं लिहितेस. दोघे जण या महिन्यात जाणार, पाहणार, झाडांशी बोलणार. बोलू देत. मीही बोलतो मोहरीशी. शेडमध्ये लेथचा आवाज इतका असतो की कोणाला ऐकू जात नाही.

परवा चिंचवडगावच्या मंडईत तुझे वडील भेटले. धोतर, पिशवी, पिशवीत माठाची भाजी. मी नमस्कार केला. मास्तरांनी ओळखायला जरा वेळ घेतला, मुद्दाम. मग म्हणाले, “काय, सध्या कुठे?” मी म्हटलं, “गिअर.” ते म्हणाले, “अस्सं. आमची नीलिमा बहुधा तिकडेच राहते आहे पुढे.” आणि भाजीवालीशी दोन पैशांवरून भांडायला लागले. मला वाटतं त्या भांडणात त्यांना जास्त रस होता.

बहुधा. हा शब्द तुझा का त्यांचा, एवढंच कळव.

सुरेंद्र


काळेवाडी
गुरुवार, २४ जून १९८२

नीलिमा,

तुझं पत्र सोमवारी आलं, आणि आज मी जे पाहून आलो ते लिहितो. मध्ये हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

तू आकृतीवर पट्टी ठेवलीस. वाकांमधली अंतरं मोजलीस. आणि विचारलंस, ‘शुक्रवारी सकाळीच का? गुरुवारी तिथे काय असतं?’

मी पत्र वाचलं, मनात म्हटलं, बाईला काही कळत नाही, गुरुवारी तिथे काय असणार? गुरुवारी तिथे काहीच नसतं. गुरुवारी तिथे वीजही नसते.

एवढं म्हटलं आणि खाटेवर बसलो. ज्ञानदेव तिथे झोपलेला होता. त्याच्या पायावर बसलो.

तुमचं घर मास्तरांचं, तुम्हाला सुट्टी रविवारची. आमची गुरुवारी, का, तर या अख्ख्या पट्ट्यातल्या कंपन्यांची वीज त्या दिवशी तोडतात. विजेचा तुटवडा आहे, म्हणून सुट्ट्या वाटून दिलेल्या. इथली शेंबडी पोरं हे जाणतात. मी दीड वर्ष दर गुरुवारी घरी बसतो तो याचसाठी. आणि आपण झाडाचं वजन काढून घेतलं म्हणून मिशीला पीळ देणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या डोक्यात हे आलं नाही, की यंत्रही आमच्याबरोबर सुट्टी घेत असेल.

तर आज गेलो. शेडची किल्ली रंगरावांकडून मागून घेतली. त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. गुरुवारी एमआयडीसीत तू कधी गेली नसशील. रोज ज्या रस्त्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथे चिमण्या ऐकू येतात. एका गेटवर वॉचमन दाढी करत बसला होता. मागच्या आडोशाला बल्ब विझलेला, अंधार, डबा थांबलेला. रोपं आडवी. मी टॉर्च लावून पाहिलं नि टॉर्च बंद करून बसलो. उजेडाकडे वाकलं असं तू म्हणू नयेस, म्हणून.

दुपारी डबा खाल्ला, पुन्हा पाहिलं. शेंडे वर उचलले होते. थोडेसेच, मान उचलतो तसे. तिन्हीसांजेला चांगले उभे. सगळे एका दिशेला, छताकडे. उद्या वीज येईल, डबा फिरायला लागेल, आणि ही दिशा भलतीच कुठली तरी होऊन बसेल. पुढच्या गुरुवारी पुन्हा.

म्हणजे वेडं वगैरे कोणी झालेलं नव्हतं. मधल्या दिवसांत रोपं शहाण्यासारखी सरळच वाढत होती, जर्नलमध्ये लिहिलंय तशी. वेडं कोण होतं ते आडोशाला डबा खात बसलं होतं.

एक मात्र मान्य कर. अख्खा आठवडा मी त्यांना गरगर फिरवलं, खाली म्हणून काही आहे हे विसरायला लावलं. आणि यंत्र थांबायची खोटी, दिवस मावळायच्या आत त्यांनी ते शोधून काढलं.

तुझा तो ऐच्छिक प्रश्न तू पुन्हा पत्राखाली लिहिला आहेस. या वेळी खाली रेघ मारून. मला रेघा आवडत नाहीत. गद्रे मारायचे.

‘बहुधा’ वडिलांचा शब्द आहे, तुझा नाही, हे वाचलं. बरं.

सुरेंद्र


काळेवाडी
गुरुवार, २६ ऑगस्ट १९८२

कुमारी नीलिमा यांस,

अभिनंदन. फूल आलं. फुलातून बी धरलं. पत्राबरोबर रशियन पेपरातलं कात्रण पाठवलंस. त्यातली अक्षरं मला वाचता येत नाहीत, चित्रात दोन दाढीवाले हसताहेत. माझ्याकडेच बघून हसताहेत असं ज्ञानदेवचं मत पडलं.

आणि रोप कुठलं? तर मोहरीच्याच कुळातलं एक वीतभर तण! तुमच्या प्रयोगशाळेबाहेर उगवलं तर माळी उपटून टाकेल असलं. माझ्याच मोहरीच्या चुलत बहिणीने माझा घात केला. ही काय पैज झाली? रोप लिहिलं असेन, पण मला झाड म्हणायचं होतं. तणाला कोण झाड म्हणतं? शिवाय त्या शेंगांत म्हणे निम्म्या रिकाम्या. निम्म्या रिकाम्या शेंगांवर माणसाने कॉलेजात जावं? पैज रद्द.

दुसरं. तू माझी ती आकृती तुमच्या चर्चेत भिंतीवर लावलीस. कोणाला विचारून? ‘एका शहरात वीज आठवड्यातून एक दिवस जाते’ असं सांगितलंस, आणि सगळे हसले. हसणारच. त्यांच्याकडे वीज जात नाही, त्यांच्याकडे फक्त बोलायची चोरी असते. मग गाइडबाई हसायच्या थांबल्या नि म्हणाल्या, हा माणूस कोण? आणि तू म्हणालीस, ‘एक विद्यार्थी.’

मी विद्यार्थी नाही. मी गिअरच्या शेडमध्ये काम करतो. तुला लाज वाटली ना सांगायला? मग पुढे हेही कशाला लिहितेस, की ‘खोटं बोलले नाही, थोडं आधी बोलले एवढंच’?

वडिलांना तू कळवलेलं नाहीस की राहणार का येणार. मलाही कळवत नाहीस. मला म्हणतेस, आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर दे, मग मी ठरवते. म्हणजे तुझी तीन वर्षं माझ्या गळ्यात! मी ‘ये’ म्हटलं तर जन्मभर ऐकवशील की तुझ्यापायी सोडलं. ‘राहा’ म्हटलं तर म्हणशील, याला काही पडलेली नव्हती. छान पेच घातलास. गद्र्यांनी इतका अवघड पेपर कधी काढला नाही.

उत्तर देत नाही. पत्रही लिहिणार नाही. तणाशी लग्न कर.

सु.


पुणे
गुरुवार, ९ डिसेंबर १९८२

नीलिमा,

वरती गाव बदललेलं दिसेल. राहतो काळेवाडीतच, त्याच खाटेवर. हे पत्र कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून लिहितोय.

मध्यंतरी तू दोन पत्रं पाठवलीस, मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यात प्रश्न नव्हता. रेघही नव्हती. फक्त तिकडच्या बर्फाबद्दल होतं, आणि स्थानकातले दोघे अजून वरच आहेत, लवकरच खाली येतील, आल्यावर त्यांना चालता येणार नाही, माणसांनी उचलून न्यावं लागेल, असं. ते वाचून मला बरं नाही वाटलं. त्याच आठवड्यात रंगरावांना सांगितलं की रात्रपाळी द्या. ते म्हणाले, “का रं? मव्हरी आता रातची फिरवायची का?” म्हटलं, नाही, दिवसा कॉलेज आहे.

“कालेज?” म्हणाले. “ह्या वयात?”

माझं वय बावीस.

पहिलं सत्र माझं भरलेलं होतं, दुसऱ्याला बसता येतं, फक्त विभागप्रमुखाची सही लागते. विभागप्रमुख आता गद्रे. मी क्लिनोस्टॅट पोत्यात घालून बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, “आत काय आहे, कोंबडं?” मी म्हटलं, “मोहरी.” त्याने पोत्याचं तिकीट फाडलं.

गद्रे सर चष्मा कपाळावर चढवून बसले होते. मला पाहून ओळखलं, लगेच.

“जर्नल टाकलं होतंत ते तुम्हीच ना?”

“हो, सर.”

“प्राचार्यांच्या सायकलची घंटा अजून वाजत नाही.”

मी पोतं सोडलं, यंत्र टेबलावर ठेवलं, शेजारी दाबून वाळवलेली मोहरीची चार रोपं कागदावर चिकटवलेली. ते पुढे वाकले. एका वाकावरून दुसऱ्यावर बोट नेत राहिले.

“हे काय?”

“गुरुवार, सर.”

सांगितलं सगळं. सर हसले नाहीत. माझी तशी तयारी होती, हसले असते तर यंत्र उचलून परत आलो असतो, तुझी पैज गेली खड्ड्यात. ते म्हणाले, “निरीक्षणात गुरुवार लिहा. जे झालं तेच लिहा.” आणि सही केली. एवढं वाक्य बोलायला या माणसाला दोन वर्षं लागली, तेही खिडकीतून जर्नल गेल्यावर. मोठे शिक्षक झाले!

आता पुढचं ऐक, म्हणजे मी तुमच्या या विद्येला नमस्कार का करत नाही ते कळेल. यंत्र प्रयोगशाळेतच ठेवलंय, चालू. माझं जर्नल तपासून परत आलं, ते वर्गात फिरलं. गेल्या आठवड्यात पाहतो तर सगळ्यांच्या जर्नलमध्ये माझी आकृती. प्रत्येक वाक जसाच्या तसा. एका दीडशहाण्याने अनुमानही लिहिलंय: ‘मोहरीचे रोप गुरुवारी वाकते.’ मी त्याला म्हटलं, “अरे गाढवा, यंत्र तुझ्या नाकासमोर फिरतंय, बघ तरी!” तो म्हणाला, “सुरेंद्रराव, बघायला वेळ कुठे आहे, सबमिशन सोमवारी आहे.”

आणि नाकासमोर काय आहे ते मी सांगतो. हे पुणे शहर. इथे गुरुवारी वीज जात नाही. नवी मोहरी पेरून महिना झाला. देठ आडवा, सुतासारखा सरळ, कुठेही वाक नाही. शेंड्याला कळ्यांचा झुबका आहे. आज गुरुवार, मी सकाळपासून समोर बसून आहे. डबा फिरतोय. रोपाला काहीसुद्धा आठवत नाही. खुशाल वाढतंय.

मला त्याचा राग आला. खरंच आला. हसायचं असेल तर हस.

तुझा ऐच्छिक प्रश्न. मी पैज हरलो आहे, आणि हरलेल्या माणसाने मागायचं नसतं, म्हणून मागत नाही, नुसतं कळवतो. तू हरावीस असं मला कधी वाटलं नव्हतं. यावीस असं वाटतं. पहिल्या पत्रापासून वाटतं, पण चार पानं कांदा वाचल्यावर ते लिहायची लाज वाटली, म्हणून पैज लावली. झालं उत्तर. आता वर्षअखेर आहे, तुझ्या गाइडबाईंना काय सांगायचं ते तू सांग. राहणार असलीस तर राहा. तीन वर्षं मी काही खिडकीतून टाकणार नाही. पण ‘याला काही पडलेली नव्हती’ असं तिकडे बर्फात बसून कोणाला सांगू नकोस.

विश्वास नसेल तर माझी पत्रं काढून बघ. ठेवली असशील तर. आमची वीज दर गुरुवारी जायची, म्हणून ती गुरुवारची आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. आता माझी सुट्टी कॉलेजची, रविवारी असते. आज वीज आहे, यंत्र चालू आहे, गद्र्यांचा तास मी बुडवला आहे, आणि या पत्रावर काय वार घातलाय तो एकदा वर जाऊन वाच.

सुरेंद्र